‘कळव्याला न्या’

अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात घरात मोठे आजारपण निघाले की कधी ना कधी दोन शब्द कानावर पडतातच : ‘कळव्याला न्या.’ सांगणारा कधी डॉक्टर असतो, कधी सिस्टर, कधी शेजारच्या खाटेजवळ बसलेला, यातून एकदा गेलेला नातेवाईक. कळव्याच्या रुग्णालयात जागा नसली तर सायन, सायनलाही नसली तर केईएम किंवा जेजे. मुंबईच्या दिशेने सरकत जाणारी ही नावे इथल्या लोकांना पाठ आहेत.

अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी शिवमंदिर उभे आहे. शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०च्या सुमाराचा त्याचा शिलालेख शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. मंदिराभोवतालचा पसारा मात्र गेल्या शंभर वर्षांतला. विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आला, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे कॅम्प वसले, ऑर्डनन्स फॅक्टरी आली, एमआयडीसी आली आणि शेवटी मुंबईत घर न परवडणाऱ्यांच्या इमारतींची रांग लागली. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. तिन्ही मिळून नऊ लाखांच्या वर. त्यानंतर बदलापूरच्या पुढे वांगणीपर्यंत काय झाले ते लोकलमध्ये चढणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

एवढ्या वस्तीसाठी सरकारी आधार कोणता? उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातले २०२ खाटांचे मध्यवर्ती रुग्णालय. तिथे मुरबाड, शहापूर, कर्जतकडचेही रुग्ण येतात. अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, जे आधी नगरपालिकेचे होते आणि नंतर राज्य शासनाकडे गेले. शिवाय कामगार विमा योजनेची सोय आणि गल्लोगल्लीची नर्सिंग होम्स. साधा ताप, साधे बाळंतपण, साधे हाड मोडणे इथे निभावते. मेंदूला मार लागला, बाळंतिणीचे रक्त थांबेना, व्हेंटिलेटरची गरज पडली, की गाडी निघते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ साठ किलोमीटरवर आहे आणि कळवा छत्तीसवर. मधले चोवीस किलोमीटर हा या लेखाचा विषय आहे. रुग्णालयातली सुरक्षितता म्हटली की आपली नजर चार भिंतींच्या आत जाते : स्वच्छता, आग, औषधे, डॉक्टरची चूक. इथल्या रुग्णासाठी दोन इमारतींच्या मधली जागाही तितकीच धोक्याची आहे आणि ती कोणाच्याच हद्दीत येत नाही.

अठरा मृत्यूंचे पत्ते

१२ आणि १३ ऑगस्ट २०२३ दरम्यानच्या चोवीस तासांत ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात अठरा रुग्ण दगावले. दहा स्त्रिया, आठ पुरुष. पाचशे खाटांचे रुग्णालय, तिथेच राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय. राज्यभर गदारोळ झाला, मुख्यमंत्र्यांनी आरोग्य सेवा आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मृतांपैकी अनेक वृद्ध होते, अनेकांना आधीचे आजार होते, काही जण फार उशिरा आणि अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, असे प्रशासनाने सांगितले.

त्या वेळी जाहीर झालेल्या माहितीत एक तपशील होता. तो बातम्यांच्या गर्दीत मागे पडला. अठरा जणांपैकी सहा ठाणे शहरातले, चार कल्याणचे, तीन शहापूरचे. भिवंडी, उल्हासनगर आणि गोवंडीचा प्रत्येकी एक. एक अन्य ठिकाणचा आणि एकाची ओळख पटलेली नव्हती. म्हणजे दोन-तृतीयांश मृत्यू ठाणे शहराबाहेरून आलेल्या किंवा कुठून आले हेच माहीत नसलेल्या रुग्णांचे होते. त्यातच ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयाच्या जागी नवे बांधकाम सुरू झाल्याने ते तात्पुरते मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले होते आणि त्याचाही भार कळव्यावर येत होता.

चौकशीचा प्रकाशझोत साहजिकच कळव्यावर पडला. मृत्यू तिथे नोंदला गेला ना. पण शहापूरहून निघालेला रुग्ण शहापूर सोडताना कसा होता, वाटेत किती वेळ गेला, कळव्याच्या दारात किती वेळ गेला आणि या तीन टप्प्यांत त्याची प्रकृती कुठे ढासळली? हे सांगू शकणारी एकच सलग नोंद बहुधा कोणत्याही केसपेपरवर सापडत नाही. एका दिवसात अठरा हा आकडा भयंकर आहेच. मात्र नेहमीच्या दिवशी तिथे किती, त्यातले बाहेरून आलेले किती, त्यातले पहिल्या चार तासांत गेलेले किती, हे आलेखावर रोज मांडलेले असेल तरच अठराचा अर्थ लागतो. कारखान्यांत १९२४ पासून वॉल्टर शूहार्टच्या पद्धतीचे नियंत्रण-आलेख वापरले जातात. रोजचा चढउतार कोणता आणि खरोखर काही बिघडल्याची खूण कोणती, हे त्यावरून कळते. अंबरनाथच्या एमआयडीसीत सुट्या भागांच्या मापांसाठी असा आलेख ठेवणारे सुपरवायझर भेटतात. रुग्णालयांत मृत्यूंची बेरीज होते ती बहुतेक वेळा बातमी झाल्यावर.

चिठ्ठीवर काय नसते

रेफर करताना एक चिठ्ठी मिळते. पुष्कळदा तिच्यावर नाव, वय, रोगाचा अंदाज आणि ‘पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात’ एवढाच मजकूर असतो. तिच्यावर काय नसते त्याने जीव जातो.

बाळंतपणात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. हे औषध जीव वाचवते आणि मात्रा जास्त झाली तर गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते, मग श्वास मंदावतो. पहिला डोस किती आणि किती वाजता दिला हे लिहिलेले नसेल तर पुढचा डॉक्टर दोनपैकी एक चूक करू शकतो : डोस पुन्हा देणे किंवा भीतीने मुळीच न देणे. मुरबाडकडून सर्पदंशाचा रुग्ण आला तर दंश किती वाजता झाला आणि प्रतिविषाच्या किती कुप्या गेल्या हे हवे. रुळांवर अपघात झालेल्याच्या डोक्याला मार असेल तर निघताना तो बोलत होता का, डोळे उघडत होता का, हे हवे. कळव्यात तो बेशुद्ध पोचला आणि निघताना शुद्धीत होता, तर मेंदूत रक्त साठते आहे याची ती सर्वांत मोठी खूण. निघतानाची नोंद नसेल तर ती खूणच पुसली जाते.

मग गाडी. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ची सेवा आहे. ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक साधनांच्या, उरलेल्या प्राथमिक. गाडी मिळाली तर तिच्यात डॉक्टर असतो. मिळाली नाही तर खासगी गाडी ठरवली जाते, तिच्यात ड्रायव्हर, दोन नातेवाईक आणि ऑक्सिजनचा सिलिंडर. सिलिंडरचे गणित साधे आहे. बी-टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असेल तर साधारण १५०० लिटर वायू देतो. मिनिटाला दहा लिटरने लावला तर अडीच तास. तोच सिलिंडर पाव भरलेला असेल तर चाळीस मिनिटेही नाहीत. अंबरनाथहून काटई नाका, शिळफाटा आणि मुंब्रा करत संध्याकाळच्या वेळी कळवा गाठायला किती लागतात ते त्या रस्त्यावर अडकलेल्यांना विचारावे. निघण्यापूर्वी काट्याकडे बघून एक भागाकार करणे ही कोणाची जबाबदारी? ड्रायव्हरची, सिस्टरची की वॉर्डबॉय मामांची? जिथे उत्तर ‘सगळ्यांची’ असते तिथे ती कोणाचीच नसते.

याच मार्गावर रोज शेकडो वेळा एक गोष्ट बिनचूक होते. लोकल सुटताना मागच्या केबिनमधला गार्ड दोनदा घंटी देतो. पुढचा मोटरमन तीच घंटी दोनदा परत वाजवतो आणि मगच गाडी हलते. सांगणाऱ्याने सांगितले एवढ्यावर काम संपत नाही. ऐकणाऱ्याने ऐकले हे सांगणाऱ्याला कळले पाहिजे. दोघांपैकी कोणी किती हुशार, किती थकलेला, हा प्रश्न त्या घंटीपुरता उरत नाही. रेफर करताना मात्र घंटी एकदाच वाजते, बऱ्याचदा तीही नाही. फोन न करताच रुग्ण धाडला जातो, कारण फोन केला तर ‘जागा नाही’ हे उत्तर येण्याची धास्ती असते.

रुग्णालयाच्या आतही हीच घंटी लागते. पाळी बदलताना सिस्टर ‘ओव्हर’ देतात : कोणाचे सलाईन किती राहिले, कोणाची लघवी झाली नाही, कोणाला रात्री ताप चढला. चाळीस खाटांच्या वॉर्डात साठ रुग्ण आणि दोन सिस्टर असतील तर हा ओव्हर पाच मिनिटांत उरकतो. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांच्या नऊ रुग्णालयांत ओव्हर देण्याची एक ठरीव पद्धत आणली गेली : आजार किती गंभीर, थोडक्यात हकिगत, करायची कामे, काय बिघडू शकते, आणि शेवटी ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगणे. २०१४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या, टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही.

चौकशीची परंपरा

महाराष्ट्राला रुग्णालयांतल्या दुर्घटनांचा आणि चौकश्यांचा मोठा अनुभव आहे. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत जेजे रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय अशी सारी साखळी उघडी केली. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना जावे लागले. आजही तो अहवाल वाचताना जाणवते की विष एका जागी मिसळले, पण ते थांबवता येईल अशा जागा अनेक होत्या आणि प्रत्येक जागी बसलेल्याने आधीच्याने पाहिले असेल असे धरून चालले.

२०२१ हे वर्ष तर आगींचे. ९ जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात दहा बाळे गेली. सात वाचवली गेली. सर्व रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये विरार आणि मुंब्रा. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात आग नव्हती, ऑक्सिजनच्या टाकीची गळती होती. दाब पडला आणि किमान बावीस रुग्ण गुदमरून गेले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून अकरा जण गेले. २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. कायदा होता, आदेश होते, तारखा ठरलेल्या होत्या.

प्रत्येक वेळी समिती बसली, कोणी निलंबित झाले, नगरमध्ये तर वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांना अटक झाली. दोषी असेल त्याला शिक्षा व्हावी यात वाद नाही. पण निलंबनाने विजेची जुनी तार बदलत नाही. आणि पाहणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांपर्यंत पोचतो तो धडा वेगळाच असतो : आपल्या पाळीत मृत्यू नको.

३० सप्टेंबर २०२३ नंतरच्या चोवीस तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात बालके. हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातून शौचालय साफ करून घेतले. कॅमेऱ्यांसमोर. त्या दृश्याने संतापलेल्यांना क्षणभर बरे वाटले असेल. जिल्ह्याजिल्ह्यातल्या डॉक्टरांनी त्यातून काय घेतले असेल? अत्यवस्थ रुग्ण दारात आला तर त्याला अंगावर घेऊ नये. पुढे पाठवावे. वरून अपमान आणि खालून मारहाण, दोन्हींची भीती असलेल्या जागी सर्वांत सुरक्षित उपचार म्हणजे रेफर चिठ्ठी. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१०चा कायदा आहे, तरी हल्ले थांबलेले नाहीत. आमच्या पट्ट्यातले ‘कळव्याला न्या’ काही वेळा खरोखर गरजेचे असते, काही वेळा खाटा आणि माणसे नसल्याने असते आणि काही वेळा निव्वळ भीतीचे असते. तिन्हींची चिठ्ठी सारखीच दिसते.

उटीचा नातू

यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात उटी नावाचे गाव आहे. तिथले आत्माराम गावंडे डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. त्यांचे चिरंजीव अतुल गावंडे बोस्टनचे सर्जन आणि रुग्णसुरक्षेवर लिहिणारे जगातले ठळक नाव. २००७च्या ‘बेटर’ या पुस्तकात त्यांनी नांदेडच्या याच सरकारी रुग्णालयाबद्दल लिहिले आहे : अफाट जिल्हा, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सर्जन, आणि तरीही तुटपुंज्या साधनांत रोज काहीतरी सुधारत नेण्याची त्यांची धडपड. सोळा वर्षांनी देशाने नांदेड पाहिले ते मृत्यूंच्या आकड्यातून. दोन्ही चित्रे खरी आहेत.

गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एकोणीस मुद्द्यांची तपासयादी तयार केली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. रुग्ण बरोबर आहे ना, बाजू बरोबर आहे ना, प्रतिजैविक दिले का, रक्त तयार आहे का, कापसाचे बोळे मोजले का. २००९मध्ये निकाल आला : मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८वर, गुंतागुंतीचे ११वरून ७वर. त्याआधी मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी मोठ्या शिरेत नळी घालण्याच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. शंभरावर अतिदक्षता विभागांत नळीतून होणारा जंतुसंसर्ग तीन महिन्यांत मध्यक पातळीवर शून्यावर आला. यादी कागदाची होती, ताकद त्या अधिकारात होती. आपल्याकडे सिस्टरने सरांना ‘थांबा’ म्हणणे किती वॉर्डांत चालते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

पण तपासयादी म्हणजे रामबाण असे समजणाऱ्यांनी उत्तर प्रदेशचा प्रयोगही वाचावा. तिथल्या १२० प्रसूती केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची यादी आणि प्रशिक्षक नेमून दीड लाखावर बाळंतपणांचा अभ्यास झाला. दोन महिन्यांनी नेमकी कामे होण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले, तुलनेच्या केंद्रांत ते ४२ होते. तरीही २०१७मध्ये जाहीर झालेल्या निकालात माता-बालकांच्या मृत्यूंत आणि गंभीर गुंतागुंतीत फरक पडलेला नव्हता. हात धुतले गेले, रक्तदाब मोजला गेला. पण रक्तदाब वाढलेला दिसल्यावर पुढे काय, सिझेरियन कुठे, रक्त कुठे, गाडी किती वेळात, या प्रश्नांशी यादी थांबली. त्या केंद्रांतल्या सुईणी आपल्या छाया रुग्णालयातल्या सिस्टरांना सहज समजतील. इमारतीच्या आतली शिस्त पुढच्या इमारतीशी जोडली नाही तर आकडा हलत नाही.

दोन टोकांची एकच नोंद

मग जोडायचे कसे? ब्रिटनमध्ये २०१२ पासून रुग्णाच्या नाडीला, श्वासाला, रक्तदाबाला, तापाला, ऑक्सिजनच्या पातळीला आणि शुद्धीला गुण देऊन एकच आकडा काढतात. आकडा वाढला की रुग्ण ढासळतो आहे. मोजायला पारा, बीपीचे यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि घड्याळ पुरते; हे सारे मध्यवर्ती रुग्णालयातही आहे आणि छोट्या नर्सिंग होममध्येही. हाच आकडा निघताना आणि पोचल्यावर, एकाच कागदावर, वेळेसह लिहिला तर तीन गोष्टी आपोआप उघड होतात : कोणता रुग्ण निघण्याआधी स्थिर करायला हवा होता, कोणता वाटेत बिघडला आणि कोणता दारात ताटकळला.

दुसरे म्हणजे परतीची खबर. उल्हासनगरहून पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे पाठवणाऱ्या डॉक्टरला आज बहुधा कळतच नाही. कळले असते तर पुढच्या वेळी त्याने गाडी बोलावण्याआधी सलाईन लावले असते, किंवा रुग्ण पाठवलाच नसता. तिसरे, थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची वही : चुकीचे इंजेक्शन भरले पण टोचण्याआधी लक्षात आले, सिलिंडर रिकामा होता पण दुसरा मिळाला. यातून कोणाला इजा झालेली नसते, म्हणून सांगायला भीती कमी. आणि उद्याचा अपघात कुठे होणार हे तीच वही सांगते.

सरकारी कागदावर यातले बरेच आहे. २०१३ची राष्ट्रीय गुणवत्ता मानके, २०१५ची स्वच्छतेची ‘कायाकल्प’ योजना, २०१७ची प्रसूतिगृहांसाठीची ‘लक्ष्य’ योजना, रुग्णसुरक्षेचा २०१८चा राष्ट्रीय आराखडा. कायाकल्पमुळे अनेक रुग्णालयांच्या फरश्या खरोखर स्वच्छ झाल्या. पण तपासणीच्या आठवड्यात भरलेली रजिस्टरे आणि रोजची सवय यांत अंतर पडते. शिवाय मानक एका संस्थेचे असते. दोन संस्थांमधल्या रस्त्याला प्रमाणपत्र कोण देणार?

अंबरनाथसाठी ही वेळ महत्त्वाची आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी उद्घाटन झालेल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अंबरनाथही आहे. त्याचे रुग्णालय पूर्ण ताकदीने चालू लागेल तेव्हा बदलापूर, मुरबाड, कर्जतचे रुग्ण इथे वळतील आणि आजवर पाठवणारे गाव घेणारे होईल. तेव्हा गर्दी आपली, ताटकळणे आपल्या दारातले आणि गदारोळही आपल्याच रुग्णालयाचा. खाटा आणि पदे मिळवण्यासाठी आमदार-खासदारांची धावपळ होईल आणि ती व्हायलाच हवी. दोन सिस्टरना साठ रुग्ण ही परिस्थिती कोणत्याही यादीने सुटत नाही. पण जुन्या सवयी नव्या इमारतीत सामानासोबत येतात. पहिल्या दिवसापासून वेगळी सवय लावण्याची संधी एकदाच मिळते.

सरकारी रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते आणि तिथे लोकप्रतिनिधी बसतात. नागरिकांनी त्यांच्यामार्फत दर महिन्याला चार आकडे मागावेत : किती रुग्ण पुढे पाठवले, त्यांतल्या किती जणांसाठी आधी फोन झाला, किती जणांचे पुढे काय झाले ते कळले, आणि थोडक्यात टळलेले प्रसंग किती नोंदले गेले. चौथा आकडा सुरुवातीला वाढला तर घाबरू नये. लोक बोलू लागले एवढाच त्याचा अर्थ. हे गोळा करायला नवी इमारत लागत नाही. एक वही, प्रत्येक पाळीतली दहा मिनिटे, आणि त्या वहीत लिहिल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही अशी अधिष्ठात्यांच्या सहीची लेखी हमी एवढे पुरते. यातले तिसरे मिळवणे सर्वांत कठीण, म्हणून मागणी तिथूनच सुरू करावी.